नेट मीटरिंग

छतावरील सौर संचातून घरचा वापर भागवून उरलेली वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात सोडून तिची बिलात वजावट मिळवण्याची पद्धत. महाराष्ट्रात राज्य विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये तिचे विनियम केले. २०१९ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

हिशोब : संच दुपारी सर्वाधिक वीज देतो, तर घरातला वापर बहुधा संध्याकाळी वाढतो. नेट मीटर जाळ्यातून घेतलेले (आयात) आणि जाळ्यात सोडलेले (निर्यात) युनिट वेगवेगळे नोंदवतो. महिन्याची आयात ३१० आणि निर्यात २४० असेल, तर ७० युनिटांचा वीज आकार लागतो. निर्यात जास्त झाल्यास शिल्लक युनिट पुढच्या बिलात वळते होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. ३१ मार्चला उरलेले युनिट कंपनी विनियमांनुसार ठरलेल्या दराने विकत घेते. हा दर सामान्यतः घरगुती दरापेक्षा कमी असल्याने संच वर्षाच्या वापराइतकाच बसवणे हिताचे. 'नेट बिलिंग'मध्ये दिलेल्या विजेची किंमत वेगळ्या दराने काढून वजावट रुपयांत होते.

मीरा-भाईंदर : या शहरात अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर या दोन परवानाधारक वितरण कंपन्या आहेत. यांपैकी पहिलीचा व्यवसाय २०१८ पर्यंत रिलायन्सकडे होता. मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरसारख्या इमारतींच्या वसाहतीत गच्ची सर्वांची असते आणि नेट मीटरची वजावट ज्या जोडणीवर संच आहे तिलाच मिळते. म्हणून लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरवर संच बसवणे हा सोसायटीसाठी सरळ मार्ग. त्यातली बचत देखभाल खर्चात सर्वांच्या वाट्याला येते. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पाण्याच्या टाक्या व शेजारच्या उंच इमारतींची सावली आधी तपासावी.

अनुदान : २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती संचाला कमाल ७८,००० रुपये, तर सोसायटीच्या सामाईक वापराच्या संचाला किलोवॅटमागे १८,००० रुपये केंद्रीय साहाय्य ठरवले आहे.

मर्यादा : वीज गेली की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था अत्यावश्यक आहे. आयात, निर्यात आणि मागील शिल्लक हे तीन आकडे ग्राहकाने दर महिन्याला बिलात पडताळावेत. वर्षअखेरचा मोबदला त्यांवरच ठरतो.