कपाटातला गोटा आणि रैयोलीची घरटी

जालन्यातल्या माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात नारळाएवढा एक गोल दगड आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका विहिरीच्या खोदकामात तो निघाला आणि ‘डायनासोरचे अंडे’ म्हणून माझ्या हाती आला. भूशास्त्राची तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती. मी ते खरे मानले. एका व्याख्यानात ठासून सांगितलेही. पुढे वाचत गेलो तसे कळले, की आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या भेगांत पाणी मुरते, कोपरे झिजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोटा उरतो. आमच्या मुरमात असे गोटे पैशाला पासरी!

खरी अंडी पाहावीत म्हणून गेल्या हिवाळ्यात गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला गेलो. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना या परिसरात हाडे आणि अंडी सापडू लागली. सुरेश श्रीवास्तव यांनी इथे जमवलेल्या हाडांवरून २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मांसाहारी डायनासोर जगापुढे आला. २०१९ पासून इथे संग्रहालयही आहे. पण माझे पाय बाहेरच्या खडकांपाशीच घुटमळले. अंडी म्हणजे खडकात रुतलेली वर्तुळे, साधारण वीतभर रुंदीची. दाखवल्याशिवाय दिसत नाहीत, आणि एकदा दिसली की नजर हटत नाही. ती घालणारे टायटॅनोसॉर मात्र लांब मानेचे अवाढव्य शाकाहारी प्राणी होते.

मग जालन्यात ही घरटी का नाहीत? हा गाळाचा थर, ज्याला जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून लमेटा म्हणतात, दख्खनच्या लाव्ह्याच्या खाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. त्याच्या कडेला, म्हणजे रैयोलीला, जबलपूरला किंवा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, तो थर उघडा पडतो. जालन्यात असलाच तर तो शेकडो मीटर पाषाणाखाली. आपण त्या जगाच्या छपरावर राहतो.

याच भागातल्या ढोली डुंगरीची एक हकिकत मला फार मोलाची वाटते. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये तिथे अंड्यांजवळ काही नाजूक हाडे सापडली. १९८७ मध्ये त्यांनी ती डायनासोरच्या पिलाची म्हणून प्रसिद्ध केली. २००१ मध्ये अमेरिकी संशोधक जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला, आणि त्यांना त्यात सापाचे मणके दिसले. दोघांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून तो पुन्हा अभ्यासला. २०१० मध्ये निष्कर्ष आला: घरट्यात साडेतीन मीटर लांबीचा साप होता, शेजारी अर्ध्या मीटरचे नुकतेच अंड्याबाहेर आलेले पिलू. सापाचे नाव ठेवले ‘सनाजेह इंडिकस’. आधीची चूक दुरुस्त करणाऱ्या निबंधावर मोहबे यांचेही नाव आहे. हे सारे घडू शकले, कारण नमुना जपलेला होता आणि तो कुठून आला याची नोंद होती.

पिसदुऱ्याचीही गोष्ट तशीच. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथले जीवाश्म गोळा केले होते. तिथल्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे सिद्ध झाले. तोवर ते नव्हते, असेच बहुतेक जण समजत. हाडाला भाव असतो, शेणाला कोण विचारतो? पण उत्तर शेणात होते. शेतातून, नाल्यातून ‘शोभेचा दगड’ म्हणून उचललेला प्रत्येक तुकडा असे एक उत्तर घेऊन जातो.

घरी परतल्यावर माझा गोटा काढला. त्याला चिठ्ठी लावायला बसलो आणि लेखणी थांबली. विहीर कोणत्या गावची, किती खोलीवर तो मिळाला, काहीच मी तेव्हा विचारले नव्हते. अंडे समजण्याची चूक वाचनाने सुटली. ही चूक मात्र आता सुटणारी नाही. शेवटी एवढेच लिहिले: ‘बेसॉल्टचा गोटा. जालना जिल्हा. ठिकाण नोंदवले नाही.’ खाली स्वतःचे नाव घातले.