तळघराची जमीन आणि एपॉक्सीचा लेप

उत्तर अमेरिकेतील घरांना तळघर असते ते हौसेपोटी नव्हे. तेथील हिवाळ्यात जमिनीतील ओलावा गोठतो, गोठताना फुगतो आणि उथळ पाया असला तर घरच उचलू पाहतो. म्हणून जेथवर जमीन गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. उत्तरेकडील राज्यांत हे खोदकाम तीनचार फूट किंवा त्याहून खोल जाते. इतके खणायचेच, तर आणखी थोडे खणून खोलीच का करू नये, हा त्यामागचा हिशेब. आपल्या जुन्या वाड्यांतील तळघरे व बळदे धान्य आणि द्रव्य राखण्यासाठी होती. तिकडच्या तळघरात भट्टी असे. १९४० च्या जनगणनेच्या वेळी अमेरिकेतील निम्म्याहून अधिक घरे कोळशावर ऊब घेत होती. कोळशाचा ढीग, राखेची बादली आणि पायाखाली ओबडधोबड काँक्रीट, अशा जागेच्या जमिनीकडे कोण लक्ष देणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर तेल व नैसर्गिक वायू यांनी कोळशाला हटविले आणि तळघर मोकळे झाले. तेथे मुलांचे खेळ आले, कपडे धुण्याचे यंत्र आले. पुढे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या गणपतीच्या आरत्याही तेथे होऊ लागल्या. जमीन डोळ्यांत खुपू लागली ती तेव्हापासून. प्रारंभी नऊ इंची डांबरी फरश्या बसवीत. त्या ओल बऱ्यापैकी सोशीत; परंतु त्यांत अस्बेस्टॉस मिसळलेले असे. जुन्या तळघरात आजही अशी फरशी निघते. ती तपासून घेतल्यावाचून फोडणे वा घासणे म्हणजे फुप्फुसांत विष ओढून घेणेच होय.

एपॉक्सीचा जन्म मात्र जमिनीसाठी झालेला नाही. तो झाला दातांसाठी. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्ताँ हा रसायनज्ञ दंतसाहित्य बनविणाऱ्या एका कंपनीत कवळ्यांसाठी नवे द्रव्य शोधीत होता. १९३८ मध्ये त्याने आपल्या राळेच्या पेटंटासाठी अर्ज केला. कवळ्यांचा व्यवसाय काही त्यावर उभा राहिला नाही. हक्क बासेलच्या सीबा कंपनीकडे गेले आणि १९४६ मध्ये तेथील औद्योगिक मेळ्यात ‘अराल्डाइट’ या नावाने हीच राळ चिकटद्रव्य म्हणून लोकांपुढे आली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा रंगाच्या दृष्टीने तसल्याच राळेवर काम करीत होता. १९६४ ते १९६८ या काळात इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे कापून उंचावर हलविली, तेव्हा ठिसूळ वालुकाश्म बळकट करण्यासही एपॉक्सीच कामी आली.

या राळेच्या अंगी असे काय आहे? तिच्या रेणूंच्या टोकांशी दोन कर्बाणू व एक प्राणवायूचा अणू यांचे ताणलेले त्रिकोणी कडे असते. कठिणक मिसळताच ही कडी उघडतात, एकमेकांत गुंततात व त्यांचे अखंड जाळे होते. एरवीचा तैलरंग हवेत वाळतो; ही राळ वाळत नाही, घडते. ही क्रिया उष्णता निर्माण करते, म्हणून डब्यात साठून राहिलेले मिश्रण जमिनीवर पसरलेल्या मिश्रणापेक्षा लवकर आवळते. उन्हात एपॉक्सी पिवळी पडते, आणि तळघरात ऊन नसतेच. जणू जागाच तिच्यासाठी योजलेली!

पण वैरी वरून येत नाही, खालून येतो. शेणाने सारवलेली आपली जमीन ओल वर येऊ देई आणि हवेत सोडून देई. सारवण झिजले की पुन्हा सारवीत. एपॉक्सी जमिनीचे तोंडच बंद करते. ज्या जुन्या घरांत काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा पडदा घातलेला नाही, तेथे वाफ व क्षार लेपाखाली दाटतात, फोड येतात आणि पापुद्रे निघतात. दोष डब्यातील मालाला दिला जातो. बहुधा तो घाईचा असतो.

यासाठी जुनी, साधी परीक्षा आहे. दीड फूट चौरस स्वच्छ प्लॅस्टिक जमिनीवर चारही कडांनी चिकटवून किमान सोळा तास ठेवावे. खाली दव जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर लेपाचा विचार पुढे ढकलावा. नवे काँक्रीट असेल तर अठ्ठावीस दिवस तरी थांबावे. पृष्ठभागावरील सिमेंटची दुबळी साय यंत्राने घासून काढावी, तेलाचे डाग धुवावेत, भेगा भराव्यात आणि धूळ शोषून घ्यावी. या कामाला दोन दिवस गेले तर लेपाला दोन तास पुरतात. जमीन फार गार असली तर राळ नीट घडत नाही, म्हणून कडक थंडीचे दिवस टाळलेले बरे. आणि भिंतीच्या बुडाशी ओल दिसली, तर डबा उघडण्यापूर्वी बाहेर जाऊन पाहावे: छपराच्या पन्हळीचे पाणी पायाशीच तर पडत नाही ना.