कॅमोमाइल चहा घरी करताना: गाजरगवताची अॅलर्जी असेल तर आधी हे वाचा

झोप लागत नाही, पोट फुगते, मन शांत राहत नाही, अशा तक्रारींवर कॅमोमाइलचा चहा घ्या असा सल्ला आजकाल बरेच जण देतात. फुले ऑनलाइन मागवता येतात आणि काष्ठौषधींच्या दुकानात 'बाबुना' म्हणूनही विचारता येतात. चहा करायला सोपा आहे आणि बहुतेक निरोगी प्रौढांना दिवसाला एक-दोन कप सहज मानवतो. पण तुम्ही अमरावती किंवा अकोला जिल्ह्यात राहत असाल तर पातेले गॅसवर ठेवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

गाजरगवताने तुम्हाला त्रास होतो का?

गाजरगवत (काही गावांत त्याला काँग्रेस गवत म्हणतात) भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदले गेले ते 1950 च्या दशकात, पुण्यात. आज वऱ्हाडात बांध, पडीक जमीन, रस्त्याची कड, रिकामे प्लॉट असे सगळीकडे ते दिसते. शेतात निंदणाला जाणाऱ्या अनेकांना त्याची त्वचेची अॅलर्जी होते. पापण्या, मान, कोपराचा आतला भाग अशा ठिकाणी खाज सुटते, त्वचा जाड आणि काळपट होते, पावसाळ्यात त्रास वाढतो. काहींना त्याच्या परागकणांमुळे शिंका आणि दमा होतो.

गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई आणि कॅमोमाइल ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. त्यांच्यातले काही घटक एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की एकाची अॅलर्जी असलेल्या शरीराला दुसरेही शत्रू वाटू शकते. प्रत्येकाला असे होईलच असे नाही. पण महालक्ष्म्यांच्या किंवा दसऱ्याच्या वेळी शेवंती-झेंडूच्या माळा ओवताना तुमचे हात खाजत असतील, किंवा त्वचारोगतज्ज्ञांनी तुम्हाला 'गाजरगवतापासून दूर राहा' असे सांगितले असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: कॅमोमाइल घेऊ नका. त्याने मिळणारा फायदा एवढा मोठा नाही की त्यासाठी ही जोखीम पत्करावी.

पूर्वी कधी त्रास झालेला नसेल तरी पहिल्या दिवशी अर्धाच कप घ्या. तोंडात किंवा घशात खाज आली, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर चहा थांबवून डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, आवाज बसला असेल किंवा चक्कर येत असेल तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

फुले कोणती घ्यावी

चांगल्या वाळलेल्या कॅमोमाइलमध्ये छोटी, अखंड फुले दिसतात: मध्ये पिवळा, किंचित उंच गोळा आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या. सफरचंदासारखा गोडसर वास येतो. नुसता पिवळा भुगा, काड्या किंवा कुबट वास असेल तर परत करा.

कॅमोमाइल हे थंडीतले पीक आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याच्या लागवडीवर बरेच काम केले आहे. आपल्या बांधावर ते आपोआप उगवत नाही. बांधावर दिसणारी पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या मध्याची छोटी फुले बहुधा एकदांडीची (कंबरमोडीची) असतात आणि चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुले गाजरगवताची. मोबाइलमधल्या फोटोशी जुळवून रानातले फूल तोडू नका. तोडलेल्या फुलांवर शेजारच्या कपाशीतले फवारणीचे औषध असण्याचीही शक्यता असते, ते वेगळेच.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो. फुले पत्र्याच्या छताखाली किंवा गॅसजवळ ठेवलीत तर त्यातले सुगंधी तेल काही आठवड्यांत उडून जाते. घट्ट झाकणाची बरणी, अंधारी आणि घरातली सर्वांत थंड जागा हवी. पावसाळ्यात बुरशीचा जरासा जरी वास आला तरी टाकून द्या.

चहा कसा करावा

एका कपाला (साधारण 150 मिली) दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे सुमारे एक मोठा चमचा सैल भरून वाळलेली फुले पुरतात. पाणी उकळू द्या, गॅस बंद करा, मग फुले टाका. ताबडतोब झाकण ठेवा आणि 5 ते 10 मिनिटे तसेच राहू द्या. झाकणाला आतून जमलेले थेंब परत कपातच पडू द्या, कारण वाफेबरोबर वर गेलेले तेल त्यातच असते. नंतर बारीक गाळणीतून गाळा.

आपल्या रोजच्या चहासारखा तो गॅसवर खळखळ उकळू नका. वास उडतो आणि कडवटपणा उतरतो. दूध लागत नाही. मधुमेह असेल तर गूळ आणि मध हीसुद्धा साखरच आहे, हे लक्षात ठेवून मोजा.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी: विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी उकळल्याने त्यातले क्षार जात नाहीत. पाणी आटते तसे ते उलट जास्त दाट होतात. चव तर बिघडतेच, पण घरात रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर चहालाही पिण्यासाठी ठेवलेले गोडे किंवा शुद्ध केलेले पाणीच वापरा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात डॉक्टरांनी दिवसाचे पाणी ठरवून दिले असेल तर हा कप त्या हिशेबात धरायचा.

औषधे चालू असतील तर

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, विशेषतः वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमरॉल, हा चहा डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. 2006 मध्ये कॅनडात एका 70 वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली: वॉरफरिन चालू असताना त्या खोकल्यासाठी दिवसाला चार-पाच कप कॅमोमाइल चहा घेत होत्या, शिवाय कॅमोमाइलचे लोशनही लावत होत्या. त्यांना शरीराच्या आत रक्तस्राव झाला. ही एकच नोंद आहे, पण झडप बदललेल्या माणसाने ती दुर्लक्षू नये.

झोपेच्या, फिटच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढू शकते. प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेत असाल तर टाळाच. ऑपरेशन ठरले असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगा. गरोदरपणात रोज घेण्याइतका पुरावा सुरक्षिततेच्या बाजूने उपलब्ध नाही, म्हणून नको.

तान्ह्या बाळाला पोटदुखीसाठी चमचाभर पाजण्याचा मोह होतो. सहा महिने फक्त आईचे दूध, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. डोळे आले म्हणून या चहाने डोळेही धुऊ नका. अशाने पापण्या सुजून अॅलर्जी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

झोप खरंच येते का?

पुरावा कमकुवत आहे. 2011 मध्ये अमेरिकेत जुनाट निद्रानाशाच्या 34 रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. 28 दिवस कॅमोमाइलचा अर्क घेणाऱ्यांच्या आणि औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांच्या झोपेत ठळक फरक दिसला नाही. इतर काही अभ्यासांत थोडा फायदा दिसतो. माझ्या मते अनेकांना वाटणारा फरक फुलापेक्षा त्याने बदललेल्या सवयीचा असावा: पाहुणे आले की रात्री नऊला होणारा साखरेचा कडक चहा जातो आणि त्याजागी कॅफीन नसलेले गरम पेय येते. तेवढेच हवे असेल तर अंगणातला गवती चहाही चालेल, आणि तो शेवंतीच्या कुळातला नाही.

झोप तीन-चार आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, घोरताना मध्येच श्वास थांबतो असे घरचे सांगत असतील, किंवा पहाटे तीनला जाग येऊन छातीवर दडपण येत असेल, तर तपासणी करून घ्या. पीक गेल्यावर, कर्जाच्या चिंतेत घरातला कर्ता माणूस रात्ररात्र जागा राहत असेल, गप्प झाला असेल, 'आता काही अर्थ नाही' असे बोलू लागला असेल, तर त्याच्यासाठी चहा करत बसू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, आणि टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि घरच्या माणसालाही त्यावर बोलता येते.