खुल्या संगणक-प्रणालीची कथा



चकलांब्यासारख्या गावी संगणक घ्यायचा म्हणजे घरखर्चाला कात्री लागते. मग चोरट्या प्रतीवर भागवण्याची सवय जडते. वास्तविक सचोटीचा मार्ग कधीच खुला झाला आहे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. प्रणाली वापरावी, तिची घडण अभ्यासावी, बदलावी, शेजाऱ्यालाही द्यावी, हे त्याचे तत्त्व. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा रचला, पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली सर्वांना दिला. विद्यार्थ्याने, बरे का!

फुकट ते हलके, असे पालकांना वाटते. परंतु जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही दिले आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला. अनेक जुन्या यंत्रांवर पुढची आवृत्ती चढत नाही. शिक्षक बंधूंनो, अशी यंत्रे भंगारात घालण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. प्रत्यक्ष बसवीपर्यंत आतले काही पुसले जात नाही. मराठी टंकलेखन व प्रिंटर तेवढे आधी तपासा. काही प्रिंटर अडून बसतात.