काचेच्या पायांवरचा बॉयलर

आज सँडब्लास्टिंगच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या तक्रारीचा इतिहास सांगतो. गंज उडवताना कारागिराला अचानक झटका बसतो. नोझलला तर विजेची तारही नसते, नुसता हवेचा होज असतो. मग ही वीज येते कुठून?

१८४० साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका कोळसा खाणीवर बॉयलरमधून वाफ गळत होती. कामगाराचा एक हात वाफेच्या झोतात होता. दुसरा हात बॉयलरच्या दांडीकडे गेला आणि ठिणगी उडाली! विल्यम आर्मस्ट्राँग यांनी ही गोष्ट मनावर घेतली. काचेच्या पायांवर बॉयलर उभा करून त्यांनी वाफेच्या झोतातून वीज काढणारं यंत्रच बनवलं. काच कशासाठी? वीज जमिनीत उतरू नये, साठत राहावी म्हणून.

१८४३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी कारण दाखवलं: वीज वाफेची नाही, वाफेतले पाण्याचे थेंब तोंडाशी घासतात त्याची आहे. दाबाखालच्या हवेतून कोरडी पूड सोडली, तरीही वीज आली. पुढे १८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी सँडब्लास्टिंगचं पेटंट घेतलं. म्हणजे यंत्र यायच्या २७ वर्षं आधीच त्याच्या झटक्याचं कारण कळलेलं होतं.

मला या इतिहासातून एकच गोष्ट सांगायची आहे. आर्मस्ट्राँग यांनी मुद्दाम केलं, ते आपण नकळत करतो. साधा रबरी होज, रबरी चाकं, रबरी हातमोजे, रंग दिलेली पेटी: हे सगळे आपले काचेचे पाय! झटक्याने हात दचकला तर झोत भलतीकडे जातो. जवळ थिनरची वाफ किंवा ॲल्युमिनियमची बारीक धूळ असेल, तर एक ठिणगी पुरते.

उपाय उलटा: विजेला वाट द्या. वीज वाहून नेणारा, कार्बन मिसळलेल्या रबराचा होज घ्या. नोझल, पेटी आणि घासायची वस्तू, तिन्ही अर्थिंगला जोडा. क्लिपखालचा रंग खरवडा. रंगावर लावलेली क्लिप नसल्यासारखीच. हवा बंद करून नोझलपासून अर्थिंगपर्यंतची जोडणी मल्टिमीटरने तपासा. आणि पावसाळ्यात झटके थांबले म्हणून निश्चिंत होऊ नका. ती दमट हवेची कृपा असते. हिवाळा आला की हिशेब पुन्हा सुरू.

भेटू पुढच्या भागात.