२२ जुलै : इंद्रलाल रॉय यांचा मृत्यू

पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधील कार्व्हँजवळ जर्मन फोकर विमानांशी लढताना मारले गेले. वय अवघे १९. जन्म कोलकात्याचा, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत.

नजर अधू म्हणून आधी त्यांना ब्रिटिश हवाई सेवेत नाकारण्यात आले होते. तेव्हा मोटारसायकल विकून त्यांनी मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घेतले आणि निर्णय फिरवला, असे सांगतात. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांचे विमान कोसळले. मृत समजून त्यांना शवागारात ठेवले, शुद्धीवर येताच त्यांनी आतून दार ठोठावले, हीही आख्यायिकाच. पण बरे होईपर्यंतच्या सक्तीच्या विश्रांतीत ते वहीत विमानांची चित्रे काढत बसले. ती चित्रे मात्र आजही आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात ते ४० व्या स्क्वाड्रनमध्ये, जॉर्ज मॅकएलरॉय यांच्या तुकडीत रुजू झाले. विमान एस. ई. ५ ए : एकच आसन, उघडी कॉकपिट, दोन मशीनगन. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही मिळत नसे. ६ ते १९ जुलैदरम्यान रॉय यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले, काही सहकाऱ्यांसोबतचे. पाडलेल्या विमानांप्रमाणेच, ताबा सुटून खाली जाताना दिसलेलीही तेव्हा हिशेबात धरत. तरीही दोन आठवड्यांत दहा, ही कामगिरी थक्क करणारी!

मृत्यूनंतर त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे भाचे.