महजरापासून मोबाइलपर्यंत

पंचनामा उघडला की आधी चतुःसीमा येते : पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस बांध. मग जप्त वस्तू, ‘जुनी वापरती’ असा शेरा, लेबलावर पंचांच्या सह्या. शेवटी ‘मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे’. पोलिसी तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना ठसे आणि डीएनए आठवतात. मला आधी हा कागद आठवतो.

त्याचं कूळ मी मराठेकाळच्या महजरात, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदात पाहतो. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे आला, की निवाडपत्रात हजीर मजालशीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची यादी येई : देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. लिहिता न येणारा निशाणी काढी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. अशाच कागदांवरून वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांची न्यायव्यवस्था मांडली. ते इंग्रजी पुस्तक १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलं. कोण बोललं, कुणासमोर बोललं, कोणत्या नात्याने बोललं, हे सगळं त्या यादीत सापडतं. गुणात्मक संशोधन याहून निराळं काय मागतं?

महजराला गावातला, गुंतलेला, माहीतगार माणूस हवा असे. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी संहितेने झडतीसाठी त्या भागातले निदान दोन प्रतिष्ठित रहिवासी मागितले. १९७३ च्या कायद्याने त्यात ‘स्वतंत्र’ हा शब्द घातला, आणि इथे खरी पंचाईत झाली. बीडकडच्या नारायणगडाच्या परिसरातल्या एखाद्या वाडीत स्वतंत्र पंच शोधून दाखवा! आरोपी भावकीतला, फिर्यादी सोयरा, आणि दिवाळीनंतर निम्मी वाडी ऊसतोडीला गेलेली. पोलिसांबरोबर जो येतो तो बहुधा त्यांच्या ओळखीचा. नाहीतर पुढे कोर्टात फितूर होणारा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ आलं : झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं, मोबाइलवरही चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ नावाचं अ‍ॅपही आहे. पंच मात्र कायद्यातून गेलेले नाहीत. पुड्या कुठून निघाल्या, सील कधी लागलं, याचा वाद चित्रीकरणाने पुष्कळ मिटेल, हे मान्य. पण पंच कुणाचा साडू, कुणाचा देणेकरी, कोणत्या मुकादमाची उचल त्याने घेतलेली, हे चित्रात दिसत नाही. गुण्यांना हजीर मजालस आयती मिळाली होती. उद्याच्या अभ्यासकाला ती वाडीत जाऊन, ओट्यावर बसून, नव्याने लिहून काढावी लागेल.